ड्रायव्हरला आधी विचारायचं

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, म्हसवडच्या पलीकडं आमचं गाव, आन् आता लखनौला तेलीबागेत घर केलंय म्हनून गाववाले म्हनत्यात तू तिकडचाच झालास, आन् हितले लोक अजून मला मराठा साब म्हनत्यात, म्हंजे काय सांगू ताई तुम्हाला, दोन्हीकडं मी पाहुनाच. तुम्ही एवढ्या लांब महानगरातनं आलाय, माझं बोलनं लिहून घेनार म्हनताय, घ्या. पन आधीच सांगतो, मला एका जागी बसून बोलाय जमत न्हाय. मधीच उठलो तर राग मानू नका, गॅरेज केवढंसं हाय, कुठं बी उभा राहिलो तरी तुम्हाला ऐकू येईल.

आमचे वडील मळ्यामळ्यातली ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. सायकलच्या दांड्याला पान्यांची पिशवी बांधायची आन् निघायचं, आज ह्या वस्तीवर उद्या त्या. घरात पाय ठरायचा न्हाय त्यांचा. आई म्हनायची ह्यांच्या पायाला भिंगरी हाय, आन् तीच भिंगरी माझ्या पायाला आली. शाळेत बसवंना, रानात करमंना, साताऱ्याला भरती निघाली तसा मी गेलो आन् घेतला गेलो. निघायच्या दिवशी वडील म्हसवडच्या स्टँडवर आले, भाकरीचा डबा माझ्या हातात दिला, बोलले काय न्हाईत. यष्टी हालली तरी उभेच. मी खिडकीतनं बघत व्हतो, तेवढंच.

फौजेत मला गाड्यांचं काम मिळालं, मेकॅनिक. वाळवंट बघितलं, बर्फ बघितला, आसामातला चिखल बघितला, आन् जिथं जाईल तिथं गाडीखाली उताना. आमचे एक उस्ताद व्हते, म्हातारे, हरियाणाकडचे, त्यांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. गाडी वर्कशॉपला आली की बॉनेटला हात लावायचा न्हाय, आधी ड्रायव्हरला विचारायचं, क्या होता है, और कब से. गाडी बोलत न्हाय, तिच्यात बसनारा बोलतो. आन् दुसरं म्हंजे काम झालं की गाडी रस्त्यावर काढायची तवा जो बनाएगा वो बैठेगा. ज्यानं दुरुस्त केली त्यानं ड्रायव्हरशेजारी बसायचं. मंग कुनी कामात कुचराई करत न्हाय, आपलीच मान पुढं असते ना. सगळी नोकरी मी ह्या दोन गोष्टींवर काढली. आन् ऐन घरातल्या गाडीला पहिलीच इसरलो. तेच सांगतोय तुम्हाला, थांबा, हा पंखा जरा इकडं वळवतो.

आमची मनी म्हंजे मनीषा, एकुलती एक. जन्म पठाणकोटचा, निम्मी शाळा जोधपूरला, निम्मी हितं छावनीत. माझी शेवटची पोस्टिंग लखनौची, तवा हिची आई म्हनली आता मी ट्रंका भरनार न्हाय, मला हितंच पुरा. मंग राहिलो. मनीला मराठी सगळं कळतंय, पन उत्तर हिंदीत. आई म्हननार जेवाय ये, ती म्हननार, आ रही हूँ ना यार मम्मी. मी लई दिवस टोकलं, मंग नाद सोडला.

रिटायर झालो तवा मी लिलावातनं एक जुनी जीप आनली. उघडी, पत्र्याची, पुढं-मागं स्प्रिंगचे पाटे, जुन्या पद्धतीची, दनकट. मनी तवा शाळेत व्हती. बापलेकीनं मिळून ती जीप उभी केली. छावनीतल्या मोकळ्या रस्त्यांवर मी तिला चालवाय शिकवली. त्याच रस्त्यांवर ती सायकल शिकली व्हती, आन् लगेच हात सोडून चालवायची, मी मागनं ओरडायचो, हात धर कार्टे, हात धर! आन् ती हसत पुढं. भिंगरी तिच्या बी पायाला आलीच की.

पुढं ती शिकली, गोमतीनगरला एका हापिसात कॉम्प्युटरवर लागली, चांगली नोकरी. पन रविवार आला की जीप घेऊन पळायची. तिच्यासारखे आनखी काय पोरंपोरी व्हते, वाळूत, नाल्यात गाड्या घालायचे, चिखलानं माखून यायचे. मी काय बोललो न्हाय, म्हनलं हौस हाय. मंग एक दिवस येऊन म्हनली, मैंने रिज़ाइन कर दिया. मुनस्यारीच्या वरती डोंगरात एक कॅम्प हाय, पाहुने येत्यात, त्यांना नदीच्या पात्रातनं, दगडाधोंड्यातनं वर न्यायचं, जीप घेऊन ये म्हनत्यात. आन् मी इकडं फलटनचा एक मुलगा बघून ठेवलेला, इंजिनियर, मानसं चांगली, बोलनी करायची म्हनून पाहुन्यांना शब्द दिलेला. माझं डोकं फिरलं. म्हनलं लोकांच्या गाड्या हाकायला शिकवली का तुला? ड्रायव्हरकी करनार? तर म्हनते, पापा, आपने क्या किया ज़िंदगी भर? मी म्हनलं माझ्याशी बोलू नको. आन् ताई, माझीच पोरगी ती, खरंच बोलली न्हाय.

मंग घरात असं सुरू झालं. मी तिच्या आईला सांगायचो, तिला सांग गेटला कडी लाव. पोरगी समोर उभी. आई म्हनायची, मनी, कडी लाव. पोरगी म्हनायची, मम्मी, बोल दो लगा दी. आई म्हनायची, लावली हो. साहेबापुढं पेशीला उभं केल्यासारखं झालं व्हतं आमच्या हिचं. एकदा म्हनली, मला तुम्ही दोघांनी टेलिफोनची तार केलीय.

तिचं जायचं ठरलं सोमवारी. त्याच्या आदल्या आठवड्यात ही मला म्हनली, मनी म्हनतेय जीपचं स्टेरिंग ढिलं झालंय, गाडी रस्त्यावर हिंडतेय, सरळ चालत न्हाय, ती कुना ओळखीच्याकडनं करून घेते. ताई, मी पहाडातले रस्ते बघितलेत. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, आन् समोरनं ट्रक आला की दोन्हीच्या मधी तुमच्या चाकाला वीतभर जागा. तिथं हिंडनारी गाडी म्हंजे काय, ते बोलू नये. पोरगी तर जानारच, गाडी बरी असो नसो. मी म्हनलं तिला सांग, माझ्या दारातली गाडी दुसऱ्या कुनी उघडायची न्हाय. मी बघतो.

आन् बघाय लागलो. आधी हवा बघितली, चारी चाकांत सारखी. पुढनं गाडी जॅकवर उचलली, चाक वर-खाली धरून हालवलं, बेरिंग घट्ट. आडवं धरून हालवलं, तर किंचित खट लागलं हाताला. आता स्टेरिंगचा ढिलेपना शोधायचा म्हंजे दोन मानसं लागत्यात. एकानं वर बसून स्टेरिंगचा चक्का थोडा थोडा इकडं-तिकडं हालवायचा, दुसऱ्यानं खाली झोपून बघायचं, कुठला सांधा हालतोय आन् कुठला झिजून हालचाल खातोय. वर बसवायचं कुनाला? मनी पायरीवर बसून चहा पित व्हती. मी तिच्या आईला म्हनलं, तू बस. ही मटार सोलत व्हती, तशीच परात मांडीवर घेऊन जीपमधी चढली. मी खालनं म्हननार, हालव. ही हालवायची, परात सरकायची, मटार माझ्या तोंडावर. मी म्हनलं अगं जोरात नको, थोडं थोडं. ही म्हनली, मला काय म्हाईत थोडं म्हंजे किती, जिला म्हाईत हाय ती बसलीय तिथं पायरीवर. मी तोंडावरचे मटार झटकले. मनी चहा पितच राहिली.

दोन चाकांना जोडनारा आडवा दांडा असतो, त्याच्या टोकाचा सांधा झिजलेला निघाला. बदलला. रस्त्यावर काढली, थोडा फरक, पन गाडी हिंडायची ती हिंडतच व्हती. मला वाटलं आता राहिला स्टेरिंगचा डबा, चक्क्याचं फिरनं चाकांकडं नेनारा. त्याच्यावर एक स्क्रू असतो, त्यो कसला की चक्क्याचा ढिलेपना जातो. आमचं फौजी डोकं, ढिलं दिसलं की कसायचं. बूट ढिला, कस. बिस्तरा ढिला, कस. पोरगी ढिली... तर मी त्यो स्क्रू कसला, आन् चक्का हातात असा घट्ट आला की मी खूश. हिला म्हनलं, चल बस, जरा फिरून येऊ.

रायबरेली रोडला लागलो. सकाळची वेळ, शाळेच्या रिक्षा, दूधवाले. थोडा वेग घेतला आन् ताई, गाडी पहिल्यापेक्षा बेकार. डावीकडं सरकली म्हनून उजवीकडं वळवली, तर चक्का तिथंच अडकून राहिला, परत मधी येईना. ओढून आनला तर दुसरीकडं गेली. समोर ई-रिक्षा, मागं पोरं बसलेली, दप्तरं लोंबतायत. मी सगळा जोर लावून चक्का ओढला, ब्रेक मारला, गाडी कच्च्यात उतरून थांबली. रिक्षावाला शिव्या देऊन गेला, बरोबरच व्हतं त्याचं. ही पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून बसलेली. मंग म्हनली, ह्या गाडीत माझी पोरगी दरीच्या कडंनं जानार. तुम्ही फौजेत कुठल्या बी ड्रायव्हरला पहिला प्रश्न काय विचारायचा, ते मला लग्न झाल्यापासून सांगत आलाय. तिला विचारलं का? आज बोला तिच्याशी, न्हायतर तुम्हा दोघांना हितं ठेवून मी म्हसवडला जाते.

मी गाडी हळूहळू घरी आनली. त्यो स्क्रू मीच कसला व्हता आन् मला कळंना की गाडीला झालंय काय. उस्ताद असते तर कानाखाली दिली असती.

मनी अंगनात बॅगा बांधत व्हती. आता बोलायचं कसं? एवढ्या दिवसांनी मनी म्हनून हाक मारायची तर जीभ रेटंना. मी गाडी मधोमध उभी केली, खाली उतरलो, सरळ उभा राहिलो, आन् वर्कशॉपमधी म्हनायचो तसं म्हनलं, इस गाड़ी का ड्राइवर कौन है? तिनं वर बघितलं. आधी वाटलं हसती का काय. पन ती बी फौजीची पोरगी, उठली, सावधानमधी उभी राहिली, म्हनली, मैं हूँ, सर. मी म्हनलं, क्या होता है? म्हनली, स्पीड पे सीधी नहीं चलती, मोड़ो तो स्टेरिंग वापस नहीं आता. मी म्हनलं, और कब से?

तिनं आईकडं बघितलं. मंग म्हनली, जब से मैंने आगे के शॅकल बदले. पाट्याचं टोक चेसीला धरनारी लोखंडी पट्टी असते ताई, तिला शॅकल म्हनत्यात. मनीनं पुढच्या दोन्ही पट्ट्या लांब बसवल्या व्हत्या, गाडी पुढनं उंच व्हावी, दगडाला खाली लागू नये म्हनून. मला सांगितलं न्हाय, कारन बोलनं बंद, आन् सांगितलं असतं तर मी ओरडलो असतो. मी गाडीखाली झोपून सांधे शोधत व्हतो, त्या पट्ट्या नव्या, काळा रंग मारलेल्या, डोळ्यासमोर व्हत्या. मी जुनं झिजलेलं शोधत व्हतो. नवं नजरेत आलंच न्हाय.

आता तुम्हाला सांगतो त्यात काय व्हतं. सायकलचा पुढचा चिमटा बघा, त्यो सरळ उभा नसतो, जरा तिरका असतो. म्हनून सायकल हात सोडून सरळ जाते. चिमटा उभा करा, सायकल जाग्यावर पाडंल तुम्हाला. जीपच्या पुढच्या चाकांना बी असाच कल असतो, वरचं टोक जरा मागं झुकलेलं. मनीनं पट्ट्या लांब केल्या, पाट्याचं पुढचं टोक खाली गेलं, त्याबरोबर पुढचा धुरा, म्हंजे ॲक्सल, फिरला आन् चाकांचा कल गेला. चाकांना सरळ याची ओढच राहिली न्हाय. त्यात मी वरनं डबा कसलेला, म्हंजे जरा ओढ व्हती ती बी मी मारली.

मी म्हनलं, काढ त्या पट्ट्या. हे मी सरळ तिलाच म्हनलं, आईला न्हाय. तर म्हनली, नहीं पापा, हाइट चाहिए मुझे, वहाँ पत्थर देखे हैं आपने? मी म्हनलं तुझ्या आधी बघितलेत. ती म्हनली, तो फिर आप ही बताओ. आन् आम्ही तिथंच गाडीसमोर जोरजोरात भांडलो, बऱ्याच दिवसांनी, ही दारात उभी राहून ऐकत व्हती आन् काय सांगू, हिच्या चेहऱ्यावर लई समाधान.

शेवटी पट्ट्या राहिल्या, मी हरलो. पन ओळखीच्या लेथवाल्याकडं जाऊन लोखंडाच्या दोन पाचरी करून आनल्या, पाटा आन् धुऱ्याच्या मधी बसवल्या, जाड अंग पुढं, म्हंजे धुरा मागं झुकला. ओळंबा सोडून कल मनीनं मोजला, मी खाली झोपून बोल्ट आवळले. डब्याचा स्क्रू मी कसलेला, त्यो मीच परत सैल केला. हाताला लई जड गेलं ते. सैल करायची सवयच न्हाय हो मला.

आन् मंग दुसरा नियम, जो बनाएगा वो बैठेगा. मनी चक्क्यावर, मी शेजारी. छावनीतल्या रिकाम्या रस्त्यानं निघालो, झाडाखालचे तेच रस्ते. माझे पाय जाग्यावर ठरंनात, नसलेला ब्रेक दाबतोय, हात सारखा चक्क्याकडं जातोय. मेसच्या पुढचं मोठं वळन आलं, तिनं गाडी वळवली, आन् वळन संपता संपता दोन्ही हात सोडले. मी ओरडलो, हात धर कार्टे! ती म्हनली, पापा, देखो तो सही. चक्का आपला आपन फिरत मधी आला आन् गाडी सरळ चालाय लागली. कुनी न धरता. मी बघत बसलो. मला रडू आलं, तुम्हाला खोटं कशाला सांगू. गाडीसाठी न्हाय. मला कळलं की ही आता जानार आन् माझा हात त्या चक्क्यावर नसनार, आन् तरी बी गाडी सरळ जानार.

फलटनच्या पाहुन्यांना मी फोन करून सांगितलं, पोरीच्या मनात न्हाय, माफ करा. सोमवारी सकाळी ती गेली. आईनं डबा दिला. मी आयत्या वेळी म्हनलं, त्यो माझ्याकडं दे, आन् मी नेऊन तिच्या हातात दिला. मला माझे वडील आठवले, म्हनलं आपन काहीतरी बोलायचं. तर तोंडातनं काय आलं? हवा बघत जा. बस. ती म्हनली, हाँ पापा. गेली.

तवापासून मला करमत न्हाय. रस्त्यावर जीपचा आवाज आला की उठतो. हातातलं काम टाकून गेटपर्यंत जातो, परत येतो. ही म्हनते बसा हो, फरशी झिजंल. पोरीचा फोन आईला यायचा, खाल्लं का, थंडी किती, स्वेटर घातला का. फोन स्पीकरवर असायचा, मी बाजूला उभा राहून ऐकायचो. मधी एकदा असंच बोलनं चालू व्हतं आन् मला पोरीचा आवाज वेगळा लागला. इंजिन एखादं सुरात न्हाय हे जसं आधी कानाला कळतं तसं. मी फोन हिच्या हातातनं घेतला. म्हनलं, गाडी कशी हाय? म्हनली, एकदम सीधी चलती है पापा. मी म्हनलं, आन् ड्रायव्हर?

ती एकदम मराठीत म्हनली, पप्पा, मला इथे करमत नाही. मी म्हनलं, कधीपासून? म्हनली, आल्यापासून.

मी लगेच म्हनलं, उद्याची गाडी धरतो, येतो. ती म्हनली, नको, काम चांगलं आहे, मला राहायचंय. तुम्ही फक्त रोज विचारत जा.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, आईच्या न्हाय, माझ्या फोनवर. मी रोज तेच विचारतो, काय होतंय, आन् कधीपासून. कधी म्हनते काय न्हाय, कधी म्हनते पाय दुखतोय, कधी नुसतीच रडते आन् मंग हसते. मी ऐकतो. कसायला काय जात न्हाय. जिथं हाय तिथं देव तिला सुखात ठेवो, तिची वाट सरळ असू दे, आन् तुमची बी. तुम्ही चहा घ्या ताई, मी जरा गेटपर्यंत जाऊन येतो, तिच्या फोनची वेळ झालीय आन् हितं पत्र्याखाली आवाज नीट येत न्हाय.